दोन रिग आणि एक अँटेना: आयसी-७३०० व टीएस-५९०एसजी शेजारी शेजारी वापरताना

माझ्या टेबलावर गेली सहा वर्षे दोन एचएफ ट्रान्सीव्हर, म्हणजे लघुलहरींवर ऐकण्या-बोलण्याचे हौशी रेडिओ संच (रिग), शेजारी शेजारी मांडलेले आहेत. डावीकडे केनवूडचा टीएस-५९०एसजी, उजवीकडे आयकॉमचा आयसी-७३००, आणि दोहोंच्या मधोमध एक साधा कोॲक्स स्विच. स्विच डावीकडे फिरवला की गच्चीवरचा ४० मीटर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) बँडचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराची तारेची अँटेना, केनवूडला लागतो, उजवीकडे फिरवला की आयकॉमला. अँटेना तीच, केबल तीच, वीजपुरवठा तोच आणि ऐकणारा कानही तोच. त्यामुळे काही फरक जाणवलाच तर तो रिगचा असतो. नव्याने परवाना मिळालेले मित्र "एसडीआर (सॉफ्टवेअरच्या आकडेमोडीवर चालणारा रेडिओ) घ्यावा की जुन्या पद्धतीचा रिग घ्यावा" असे विचारतात, तेव्हा मी त्यांना या खुर्चीत बसवतो आणि स्विच त्यांच्या हाती देतो. ज्यांना पुण्यापर्यंत येणे जमणार नाही त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. (अशी जोडणी करणाऱ्यांनी स्विच मात्र न वापरलेले टोक आपोआप जमिनीशी (अर्थला) जोडणारा घ्यावा. एका रिगच्या १०० वॅटचा अंश दुसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये शिरला तर फार महागात पडते.)

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. "पारंपरिक" म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर व्हॉल्व्हचे रिग येतात. टीएस-५९०एसजी तसा नाही. तो २०१४ चा संच आहे, त्याच्या पोटात ३२ बिटांचा डिजिटल सिग्नल प्रोसेसर आहे आणि शेवटची बारीक गाळणी तोच प्रोसेसर करतो. त्याला पारंपरिक म्हणायचे ते त्याच्या रचनेमुळे. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या सुपरहेटरोडाइन तत्त्वावर तो चालतो: अँटेनावरून आलेला सिग्नल मिक्सरमध्ये लोकल ऑसिलेटरशी मिसळायचा, त्यातून एक ठरावीक मध्यवर्ती वारंवारता काढायची आणि तिथे क्रिस्टल फिल्टर बसवायचा. ४० मीटरवर एसएसबी (आवाजी बोलण्याची पद्धत) ऐकताना केनवूडमध्ये ही वारंवारता ११.३७४ मेगाहर्ट्झ असते. तिथला रूफिंग फिल्टर (पुढच्या टप्प्यांचे रक्षण करणारा तो क्रिस्टल फिल्टर) फक्त २.७ किलोहर्ट्झ रुंद असतो, आणि सीडब्ल्यूसाठी, म्हणजे मोर्ससाठी, तर अवघा ५०० हर्ट्झचा. त्यापुढे सिग्नल २४ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणला जातो आणि मगच त्याचे आकडे होतात.

आयसी-७३०० मध्ये हा सगळा मधला प्रवासच नाही. २०१६ मध्ये हा संच बाजारात आला तेव्हा खळबळ उडाली ती याच कारणाने. अँटेनाचा सिग्नल एका बँडपास फिल्टरमधून जातो, गरज असेल तर प्रीॲम्प्लिफायरमधून जातो आणि थेट १४ बिटांच्या एडीसीवर (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपवर) आदळतो. तो एडीसी सेकंदाला १२ कोटी ४० लाखांहून अधिक नमुने घेतो. मिक्सर, फिल्टर, डिमॉड्युलेटर ही पुढची सगळी कामे एफपीजीए (हवी तशी जुळवता येणारी चिप) आणि प्रोसेसर आकडेमोड करून उरकतात. त्याआधीचे बहुतेक एसडीआर संगणकाला जोडल्याशिवाय बोलतच नसत. आयकॉमने तो संगणक डब्यात घातला, पुढे मोठी खुंटी आणि ४.३ इंचांचा रंगीत पडदा दिला, आणि सर्वसामान्य हॅमला (हौशी रेडिओ चालवणाऱ्याला) परवडेल अशा किमतीत तो विकला.

जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात एक छोटा दिंडी दरवाजा असे. केनवूड त्या दिंडीतून एकेका माणसाला आत घेतो. आयकॉम मोठा दरवाजा सताड उघडतो, सगळी आळी अंगणात येऊ देतो आणि त्या गर्दीतून आपल्याला हवा तो माणूस शोधतो. या दोन रिगमध्ये जे जे चांगले किंवा उणे आहे, ते जवळजवळ सगळे या एका फरकातून निघते.

आळी अंगणात आल्याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे ती दिसते. आयसी-७३०० च्या पडद्यावर वर स्पेक्ट्रम (त्या क्षणी कोणत्या वारंवारतेवर किती सिग्नल आहे तो आलेख) आणि खाली वॉटरफॉल (त्याच सिग्नलांचे वेळेनुसार खाली सरकत जाणारे चित्र) असतो, आणि तो एका वेळी एक मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा दाखवू शकतो. शहरात राहणाऱ्या हॅमला या पडद्याचे मोल किती आहे, हे मला एका संध्याकाळी नीट कळले. त्या आठवड्यात रोज सात वाजले की ४० मीटरवरचा गोंगाट रिगच्या सिग्नल-मीटरवर एस-४ वरून एस-८ वर चढत असे. केनवूडवर ऐकले तर नुसती घरघर येई. ती कोठून येते, किती पसरली आहे, याचा काहीच पत्ता लागत नसे. आयकॉमवर स्विच फिरवला तेव्हा वॉटरफॉलवर सारख्या अंतरावर उभ्या रेघा दिसल्या. त्या स्थिर नव्हत्या, दर मिनिटाला थोड्या थोड्या डावीकडे सरकत होत्या. सारखे अंतर आणि सावकाश सरकणे ही स्विचिंग पॉवर सप्लायची खूण आहे: सप्लाय तापत जातो तशी त्याची वारंवारता हलते आणि तिच्या सगळ्या हार्मोनिक मिळून हलतात.

मग रिग बॅटरीवर घेतला आणि घरातले एमसीबी एकेक करून पाडायला सुरुवात केली. पत्नी मीटरबॉक्सपाशी उभी होती, मी पडद्यापुढे. स्वयंपाकघर बंद केले, काही फरक नाही. बैठक बंद केली, दोनतीन रेघा पुसट झाल्या पण मुख्य रांग तशीच राहिली. झोपण्याच्या खोलीचा एमसीबी पडला आणि सगळी शिडी एका क्षणात नाहीशी झाली; वॉटरफॉलचा वरचा भाग स्वच्छ निळा उरला. गुन्हेगार निघाला पडद्याच्या पेल्मेटमागे नव्याने लावलेल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरींचे ३१ नंबर मिश्रणाच्या फेराइट कड्यावर आठ आठ वेढे घेतले आणि गोंगाट पुन्हा एस-४ वर आला. हे काम नुसत्या कानाने करता आले असते, पण त्याला एक आठवडा लागला असता. पडद्यामुळे ते वीस मिनिटांत झाले. आज आपल्या सोसायट्यांमध्ये लिफ्टचे ड्राइव्ह, गच्चीवरचे सोलर इन्व्हर्टर, चार्जर आणि एलईडी दिवे यांची जी दाटी आहे, ती पाहता शहरी हॅमला मोठ्या ॲम्प्लिफायरच्या आधी वॉटरफॉल हवा, असे मी ठामपणे सांगतो.

दुसरा उपयोग बँड उघडला आहे की नाही हे कळण्याचा. सौरचक्र जोरात असताना १० मीटर बँड दुपारी अचानक जिवंत होतो आणि अर्ध्या तासात मावळतो. केनवूडवर मी खुंटी फिरवत २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून जात असे. कोणी त्या क्षणी बोलत नसेल तर बँड मेलेला समजून दुसरीकडे वळत असे. आयकॉमवर कोपऱ्यात एक फिकट रेघ उमटते, बोट ठेवले की रिग तिथे जातो, आणि ऑस्ट्रेलियाचा एखादा स्टेशन सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) देताना सापडतो. पायलअपमध्येही, म्हणजे एकाच स्टेशनला अनेकजण एकदम हाका मारतात तेव्हाही, हेच. दूरचा स्टेशन "पाच वर" (पाच किलोहर्ट्झ वर) ऐकतो आहे असे म्हणतो तेव्हा तो नेमका कोठे उत्तर देतो आहे ते पडद्यावर दिसते आणि गर्दी नसलेली जागा निवडता येते. शिवाय कोणाचा ऑडिओ जास्त ढकलला गेला असेल तर त्याचा सिग्नल दोन्ही बाजूंना केसाळ होऊन पसरलेला दिसतो. सकाळच्या गप्पांत मी दोनदा अशा मित्रांना मायक्रोफोन गेन उतरवायला सांगितले, आणि माझाही सिग्नल तपासून देण्याची विनंती केली.

केनवूडला ही सोय उपजत नाही. मात्र त्याच्या मागच्या जोडणीतून अँटेनाचा सिग्नल बाहेर काढता येतो आणि त्यावर स्वस्त यूएसबी डोंगल लावून संगणकावर वॉटरफॉल पाहता येतो. मी वर्षभर तसे केले. आरटीएल२८३२यू चिपच्या त्या डोंगलमध्ये एडीसी ८ बिटांचाच असतो. बळकट सिग्नल आला की सगळा पडदा भुतांनी भरतो. तरीही ज्यांच्याकडे चांगला सुपरहेट आधीपासून आहे आणि नवीन रिग घेण्याची ऐपत नाही, त्यांनी हा मार्ग जरूर वापरून पाहावा. बँडचा अंदाज येण्यापुरता तो पुरतो.

आता दिंडी दरवाजाची बाजू. आपल्याकडे ४० मीटरवर संध्याकाळी काय होते, हे युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांवरून कळत नाही. आशियात ७.२ मेगाहर्ट्झच्या वर प्रक्षेपण केंद्रांचा ४१ मीटर बँड सुरू होतो आणि सूर्य मावळला की शेकडो किलोवॅटची केंद्रे आपल्या बँडच्या अगदी कुंपणाला लागून गरजू लागतात. २९ मार्च २००९ पर्यंत तर ७.१ ते ७.२ हा पट्टाही त्यांच्याकडेच होता. तो हौशी सेवेला मिळाला म्हणून थोडा श्वास घेता येतो. तर अशा संध्याकाळी ७.१८ मेगाहर्ट्झवर एखादा मंद स्टेशन ऐकायचा असेल, तेव्हा केनवूडचा २.७ किलोहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर त्या राक्षसांना एडीसीपर्यंत पोचूच देत नाही. आयकॉमच्या बँडपास फिल्टरला मात्र ७.१८ आणि ७.२५ यांत भेद करता येत नाही, तेव्हा ते सगळे एडीसीवर येते.

एडीसीची मर्यादा तोडल्यासारखी असते. मिक्सरवर ताण आला तर तो हळूहळू बिघडतो, कुठेतरी एखादी खोटी शिट्टी उमटते आणि बाकीचे चालू राहते. एडीसीचा सर्वांत मोठा आकडा ओलांडला गेला की त्या क्षणी सगळा बँड एकदम विस्कटतो. आयकॉमने त्यासाठी पडद्यावर ओव्हीएफ (ओव्हरफ्लो) ही अक्षरे ठेवली आहेत. मी नवीन असताना ती एका हिवाळी संध्याकाळी लाल लुकलुकताना पाहिली आणि घाबरलो. चूक माझीच होती: ४० मीटरवर दुसरा प्रीॲम्प चालू राहिला होता. तो बंद केला, आरएफ गेनची खुंटी थोडी मागे घेतली, अक्षरे गेली आणि मंद स्टेशन जसाच्या तसा ऐकू येत राहिला. त्यानंतर घरच्या अँटेनावर मला ओव्हीएफ क्वचितच दिसले आहे.

प्रीॲम्प बंद करूनही स्टेशन ऐकू येत राहिला, याचे कारण प्रत्येक नव्या हॅमने स्वतः करून पाहावे असे आहे. रिग ४० मीटरवर लावा, प्रीॲम्प बंद ठेवा आणि अँटेनाची केबल काढा. गोंगाट एकदम खाली गेला, तर तुमचा रिसीव्हर पुरेसा तिखट आहे. तुम्ही जे ऐकत होता तो बाहेरच्या जगाचा गोंगाट होता. ७ मेगाहर्ट्झवर हा बाहेरचा गोंगाट कुठल्याही बऱ्या रिगच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी वर असतो. प्रीॲम्प दोघांना सारखेच मोठे करतो आणि एडीसीची वरची जागा मात्र खाऊन टाकतो.

१४ बिट म्हणजे कागदावर ८६ डेसिबलच, मग १०० डेसिबलच्या गोष्टी कशा करता, असा प्रश्न एका अभियंता मित्राने केला होता. त्याचे उत्तर नमुन्यांच्या संख्येत आहे. एडीसीचा गोंगाट सुमारे ६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरलेला असतो आणि आपण त्यातले फक्त २.४ किलोहर्ट्झ ऐकतो. या गुणोत्तरातून आणखी सुमारे ४४ डेसिबल पदरात पडतात. शिवाय बँडवर अनेक सिग्नल एकाच वेळी असले की ते एडीसीच्या पायऱ्यांमधल्या चुका आपोआप विखरून टाकतात. आयकॉममधली आयपी-प्लस ही सोयही हेच काम हेतुपुरस्सर करते. त्यामुळे प्रयोगशाळेत दोनच स्वच्छ स्वर देऊन मोजलेला एसडीआर प्रत्यक्ष गजबजलेल्या बँडवर अपेक्षेपेक्षा चांगला वागतो. रॉब शेरवूड यांच्या रिसीव्हरांच्या प्रसिद्ध तक्त्यातही हे दोन रिग एकमेकांपासून फार दूर नाहीत. पुण्यातल्या माझ्या एस-४ च्या गोंगाटात तर तो फरक कानाला लागतच नाही, आणि केवळ तक्त्यातल्या क्रमांकावरून रिग निवडणाऱ्यांना मी नेहमी परावृत्त करतो.

फरक लागतो तो शेतावर. भोरच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे. तिथे रात्री ४० मीटरचा गोंगाट एस-१ च्या आसपास असतो आणि आंब्याच्या दोन झाडांमध्ये ताणलेला वीस मीटर लांबीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) शहरातल्या अँटेनापेक्षा कितीतरी जास्त सिग्नल आणतो. एका थंडीत आम्ही तिघे मित्र तिथे दोन स्टेशन लावून बसलो होतो, एक २० मीटरवर आणि एक ४० वर, अँटेना जेमतेम तीस मीटर अंतरावर. शेजारचा प्रत्येक टिंब आणि रेघ थेट नमुने घेणाऱ्या रिगच्या पुढ्यात शंभर वॅटने येऊन पडत होती. त्याला अटेन्युएटर लावणे भाग पडले आणि त्याबरोबर मंद स्टेशनही थोडे दबले. केनवूड ५०० हर्ट्झच्या रूफिंग फिल्टरवर शांतपणे ऐकत राहिला. बाहेरून बँडपास फिल्टर जोडले असते तर आयकॉमची अडचणही मिटली असती, आणि दोन स्टेशन जवळ लावणाऱ्यांनी ते जोडावेतच. पण ते नसताना काय होते, हे मी सांगतो आहे.

कानाच्या सुखाबद्दल मत देणे कठीण असते, तरी देतो. तीन तास सलग सीडब्ल्यू ऐकायचा झाल्यास माझा हात केनवूडकडे जातो. त्याच्या शांततेला एक खोली आहे. दोन अक्षरांमधली पोकळी काळी वाटते. आयकॉमचा आवाज जास्त उजळ आहे, फिल्टर हवे तसे अरुंद करता येतात, त्यांच्या कडा धारदार वा सौम्य अशा निवडता येतात, आणि एसएसबीवर बोलणाऱ्याचे शब्द त्यावर अधिक स्पष्ट कळतात. मोर्स पहिल्यांदा ऐकून टिपताना दोन्हीवर अक्षरे सारखीच चुकली, हेही नमूद करतो. अंतिम गाळणी दोघांतही आकडेमोडीनेच होते, तेव्हा "एसडीआरचा आवाज कृत्रिम असतो" हे सरसकट विधान मला मान्य नाही. पावसाळ्याआधीच्या वळवात विजांची जी कडकड बँडभर असते, तिच्यापुढे दोघांचेही नॉइज ब्लँकर (टकटक गाळणारी सोय) हतबल होतात. विहिरीवरच्या मोटारीची किंवा झटका कुंपणाची नियमित टकटक मात्र दोघेही काढतात. केनवूडमध्ये एक ॲनालॉग आणि एक डिजिटल असे दोन ब्लँकर आहेत, आणि अशा टकटकीवर त्यातला ॲनालॉग मला सर्वांत परिणामकारक वाटला. वीज जवळ कडाडू लागली की रिग कोणताही असो, केबल काढून खिडकीबाहेर ठेवावी.

प्रक्षेपणाच्या बाजूला सांगण्यासारखे थोडे आहे. दोन्ही रिग १०० वॅटचे, दोन्हीत तीनास एक एसडब्ल्यूआरपर्यंत (हे अँटेना किती बेमेळ आहे याचे माप) जुळवणारा ट्यूनर आतच आहे, आणि दोन्हीचा अंतिम ॲम्प्लिफायर १३.८ व्होल्टवर चालतो. त्यामुळे एसडीआर आहे म्हणून आयकॉमचा सिग्नल जास्त स्वच्छ, असे होत नाही. ॲम्प्लिफायरची वक्रता आधीच उलट करून पाठवण्याची सोय संगणकाधारित काही एसडीआरमध्ये आहे आणि तिचा परिणाम थक्क करणारा असतो. ती या दोन रिगमध्ये नाही. एफटी८, म्हणजे संगणकामार्फत छोटे संदेश पाठवण्याची पद्धत, हिच्यासाठी दोन्हींना एकच यूएसबी केबल पुरते. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी २०१७ मध्ये आणलेल्या या पद्धतीत रिग जवळजवळ तेरा सेकंद पूर्ण शक्तीने सलग बोलत असतो, तेव्हा दोन्हींची शक्ती ३० ते ४० वॅटवर ठेवावी. परवान्याच्या वर्गानुसार शक्तीची जी मर्यादा आपल्याला लागू असेल ती तर पाळायचीच.

हाताळणीत दोघांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. केनवूडच्या तोंडावर गुंड्यांची आणि खुंट्यांची दाटी आहे, पहिले पंधरा दिवस माणूस गोंधळतो. पण एकदा बोटांना जागा कळल्या की पाहण्याची गरज उरत नाही. आयकॉमचे तोंड मोकळे आहे, नवशिक्याला तो तासाभरात उमगतो, परंतु कित्येक गोष्टी पडद्यावरच्या दोन-तीन पायऱ्यांच्या आत आहेत. ओल्या बोटाने किंवा भर उन्हात तो पडदा त्रास देतो. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम तुकडी डीएक्सपिडिशनसाठी (दुर्मीळ ठिकाणाहून स्टेशन चालवण्याच्या मोहिमेसाठी) पोर्ट ब्लेअरमध्येच होती, आणि त्यांनी एचएफवरून निरोप पोचवण्याचे जे काम केले ते आपल्या देशातल्या प्रत्येक हॅमला ठाऊक आहे. तसा प्रसंग आला तर अंधारात, घाईत, थकलेल्या हातांनी कोणता रिग चालवता येईल, याचा विचार मी खरेदीपूर्वी करतो. त्या कसोटीवर मी केनवूडला अधिक गुण देतो. वजनाच्या कसोटीवर मात्र आयकॉम सरळ पुढे आहे: तो ४.२ किलोचा, केनवूड ७.४ किलोचा. एसडीआर बॅटरी खातो असा समज आहे; या दोघांपुरता तो खरा नाही. आयकॉम ऐकताना सव्वा अँपिअरच्या आत राहतो आणि केनवूड दीडच्या आसपास.

आयकॉमची एक उणीव मला सतत बोचते. २०१६ च्या या संचाला अँटेनासाठी एकच जोडणी आहे, आणि फक्त ऐकण्यासाठीची वेगळी अँटेना लावायला जागाच नाही. ८० आणि १६० मीटरवर ऐकणाऱ्यांना लहान लूप किंवा जमिनीलगतची लांब तार वेगळी लागते; त्यांना बाहेरून रिले बसवण्याची खटपट करावी लागते. केनवूडला दोन अँटेना आणि ग्रहणाची तिसरी जोडणी मागेच मिळते.

दुरुस्तीविषयी लोक भावनेने बोलतात. सुपरहेट घरी दुरुस्त होतो, हे टीएस-५२० किंवा एफटी-१०१ या जुन्या रिगच्या बाबतीत खरे होते. मीही त्यात हात घातला आहे. टीएस-५९०एसजी उघडला तर आत तांदळाच्या कणीएवढे सुटे भाग दाटीने बसवलेले दिसतात आणि साध्या सोल्डरिंग आयर्नने तिथे काही करता येत नाही. तेव्हा या दोघांत दुरुस्तीच्या नावाने कोणाला झुकते माप देऊ नये. उघडून शिकायचे असेल, तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या बीआयटीएक्स या घरी बांधण्याजोग्या रिगकडे वळावे. त्याची मांडणी त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आणि त्यावर आपल्याकडच्या कितीतरी हॅमनी पहिला स्वतःच्या हाताचा क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) केला. त्यांच्याच एसबीआयटीएक्समध्ये सुपरहेटचा पुढचा भाग आणि रास्पबेरी पायवर चालणारा एसडीआरचा मागचा भाग एकत्र आले आहेत. दिंडीही आहे आणि अंगणही. यासूने एफटीडीएक्स१० मध्ये तोच विचार वेगळ्या पैशात मांडला आहे: ऐकण्यासाठी अरुंद रूफिंग फिल्टर आणि पाहण्यासाठी शेजारीच थेट नमुने घेणारा दुसरा रिसीव्हर. पुढची काही वर्षे हीच वाट चालेल, असे मला वाटते.

शहरात सदनिकेत राहणाऱ्या, गच्चीवर एकच अँटेना असलेल्या आणि पहिलाच एचएफ रिग घेणाऱ्याला मी आयसी-७३०० घ्यायला सांगतो, आणि परवाना हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत हेही सांगतो. गावाकडे मोकळी जागा, लांब तारा आणि रात्रीचा सीडब्ल्यू ज्यांच्या वाट्याला आहे, त्यांनी चांगल्या स्थितीतला टीएस-५९०एसजी मिळाला तर तो सोडू नये. माझ्यापुरते बोलायचे तर दोघांची वाटणी ठरली आहे. आयकॉम पुण्यातच राहील. केनवूड या दिवाळीनंतर भोरला जाणार आहे. तिथे ८० मीटरच्या डायपोलसाठी चाळीस मीटर तार आणि तिसरा आंबा दोन्ही तयार आहेत.